गोव्याची माती नेमकी कशाची बनते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधून झाले, आवार भरायला दोन-चार टिपर लाल माती आणून टाकली, आंब्याची कलमे आणि माडाची रोपे लावली, आणि दोन पावसाळे उलटले तरी झाडे आहेत तिथेच. पेडण्यापासून काणकोणापर्यंत ही तक्रार आता सगळीकडे ऐकू येते. त्याचे उत्तर मातीच्या घटकांमध्येच आहे. टिपरमधून आलेला माल मातीसारखा दिसतो, पण मातीचे अर्धे घटक त्यात नसतात. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत.

माती म्हणजे कशाकशाचे मिश्रण?

चार गोष्टींचे: खनिज कण, सेंद्रिय पदार्थ, पाणी आणि हवा. चांगल्या बागायती मातीचे घनफळ धरले तर साधारण 45 टक्के खनिज कण, 5 टक्के सेंद्रिय पदार्थ, आणि उरलेला अर्धा भाग पोकळी असतो. या पोकळीत निम्मे पाणी आणि निम्मी हवा असेल तर मुळांना सगळ्यात सोयीचे. मातीतले जीव काही जण सेंद्रिय भागात धरतात, काही पाचवा घटक म्हणून वेगळे मोजतात. मला वेगळे मोजणे पटते, कारण बाकीच्या चौघांना एकत्र बांधून ठेवायचे काम तेच करतात.

हे आकडे आदर्श मातीचे आहेत. आषाढात भातशेत भरलेले असते तेव्हा हवेचा वाटा जवळजवळ शून्यावर येतो, आणि एप्रिलमध्ये सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) मातीत पाणी नावालाच उरते. पण अर्धी माती ही पोकळी असते, एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा तोच आहे.

खनिज कण येतात कुठून?

खडक झिजून. गोव्याच्या जमिनीखाली बहुतांशी अतिप्राचीन रूपांतरित खडक आणि ग्रॅनाइटसारखे खडक आहेत. सत्तरीच्या ईशान्य टोकाला दख्खनचा काळा बेसाल्टही लागतो. ऊन, पाणी आणि मुळांतून सुटणारी आम्ले यांनी हे खडक लाखो वर्षे कुजत गेले. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. एवढे पाणी खडकातून मुरत राहिले की त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम विरघळून नदीला जातात, हळूहळू सिलिकाही जाते, आणि सहज न विरघळणारे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहते. जांभा असाच तयार होतो. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश सर्वेक्षकाने केरळातील अंगडीपुरम येथे हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याचे वर्णन केले. खाणीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि उघड्यावर आला की घट्ट होतो, हे त्याने तेव्हाच नोंदवले. आपले चिरे ते हेच.

एखाद्या चिरेखाणीची उभी कापलेली भिंत जवळ जाऊन पाहा. सगळ्यात वर वीतभर, कुठे तेवढीही नाही, मुळांनी भरलेला काळपट तपकिरी थर असतो. त्याखाली भोकाभोकांचा कठीण जांभा, ज्याचे चिरे निघतात. आणखी खाली दगड मऊ आणि ठिपकेदार होत जातो, आणि तळाला पांढरी, गुलाबी, पिवळी चिकण लागते. विहीर खणणाऱ्यांना ही नीट माहीत असते. या सगळ्या भिंतीत झाडाच्या कामाची माती म्हणजे ती वरची वीतभर. एक सेंटीमीटर माती तयार व्हायला काही शतके लागतात, म्हणजे ती वीत किती जुनी असेल याचा अंदाज करा.

मातीचा रंग लाल का?

लोहामुळे. हेमॅटाइट हे लोहाचे ऑक्साइड लाल रंग देते, गोएथाइट पिवळा-तपकिरी. रंग गडद लाल आहे म्हणून माती कसदार, असे मात्र मुळीच समजू नये. कसाचा अंदाज रंगावरून करायचाच असेल तर लालीवर चढलेली काळपट छटा पाहावी. ती सेंद्रिय पदार्थाची असते.

वाळू, पोयटा आणि चिकण यांत फरक काय?

केवळ आकाराचा. शास्त्रात रूढ असलेल्या एका वर्गीकरणानुसार 2 ते 0.05 मिलिमीटर म्हणजे वाळू, 0.05 ते 0.002 म्हणजे पोयटा, आणि त्याहून बारीक ती चिकण. तिन्हींच्या प्रमाणाला मातीचा पोत म्हणतात.

घरी पाहायचे असेल तर काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पूड घाला, झाकण लावून चांगली पाच-दहा मिनिटे हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात तळाला बसेल ती वाळू. पुढच्या दोन-तीन तासांत बसेल तो पोयटा. चिकण दुसऱ्या दिवसापर्यंत, कधी त्याहूनही जास्त वेळ पाणी गढूळ ठेवते. वर तरंगतो तो पालापाचोळ्याचा चुरा.

आपल्या लाल मातीबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी. ती हातात घेतली तर रवाळ लागते आणि वाळूच वाटते. प्रत्यक्षात लोहाच्या ऑक्साइडने चिकणीचे कण एकमेकांना घट्ट चिकटवून त्यांचे बारीक दाणे केलेले असतात. बोटांनी ओली माती बराच वेळ मळत राहिलात की हे दाणे फुटतात आणि माती हळूहळू चिकट होऊ लागते. म्हणून नुसती चिमूट चोळून पोत ठरवू नका. बरणीतही ती नेहमीपेक्षा जास्त वेळ हलवावी लागते.

घाटावरची काळी माती आणि आपली लाल माती, दोन्हींत चिकण आहेच ना? मग एवढा फरक का?

चिकणीची जात वेगळी. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांच्या आत पाणी शिरते, म्हणून ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आपल्याकडे धुऊन-धुऊन उरलेले खनिज केओलिनाइट. त्याचे पापुद्रे घट्ट मिटलेले असतात. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचा एकूण पृष्ठभाग 600 ते 800 चौरस मीटर भरतो, केओलिनाइटचा जेमतेम 10 ते 20.

पृष्ठभाग कमी म्हणजे अन्नद्रव्ये धरून ठेवायला जागा कमी. 100 ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइट साधारण 80 ते 120 एकक धनभारित अन्नद्रव्ये (कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वगैरे) धरते, केओलिनाइट 3 ते 15. ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला काळा सेंद्रिय पदार्थ, 200 किंवा त्याहून जास्त. हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहिले की गोव्यात शेणखत आणि पालापाचोळ्याला एवढे महत्त्व का, ते आपोआप कळते. काळ्या मातीचा शेतकरी सेंद्रिय खताकडे दोन वर्षे दुर्लक्ष करून कदाचित निभावेल, आपले निभत नाही. आपल्या मातीत साठवण करणारा मुख्य घटक ह्यूमसच आहे.

चवथीचा गणपती लाल मातीचा का करत नाहीत?

मूर्तीसाठी चिकणीचे चपटे कण पाण्याच्या पातळ थरावर एकमेकांवरून सरकायला हवेत. तेव्हाच दाब दिला तो आकार टिकतो. सखल भागात, शेताच्या खोलगटात वाहून येऊन बसलेल्या मातीत अशी सुटी चिकण मिळते. सड्यावरच्या लाल मातीत ती लोहाने बांधलेली असते आणि खडेही भरपूर असतात.

सेंद्रिय पदार्थ फक्त 5 टक्के. त्याचे एवढे काय?

आधी हे सांगितले पाहिजे की 5 टक्के हा आकडाही आपल्याकडे चैनीचा आहे. जंगलात किंवा जुन्या कुळागरात तो गाठता येतो. उघड्या भरडावर माती कितीतरी खाली असते.

सेंद्रिय पदार्थ म्हणजे ताजा पाचोळा, अर्धवट कुजलेली मुळे-काड्या, आणि पूर्ण कुजून ओळखू न येणारा काळा ह्यूमस. ह्यूमस अन्नद्रव्ये धरतो, पाणी धरतो, आणि कणांना चिकटवून मातीचे लहान-लहान गोळे करतो. या गोळ्यांच्या मधल्या जागा म्हणजेच वर सांगितलेली पोकळी. म्हणजे पाच टक्क्यांचा घटक पन्नास टक्के पोकळी सांभाळतो. ह्यूमस संपला की कण सुटे होऊन एकमेकांत बसतात, पहिल्या जोरदार पावसात वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, जाताना माती घेऊन.

कुळागर पाहिले आहे ना? फोंडा, सत्तरी, सांगे भागात माड-पोफळीखाली केळी, मिरवेल, जायफळ, हळद, अननस. जमीन उघडी कुठेच नाही. झावळ्या पडतात, पोफळीची पोये पडतात, केळीचे बुंधे कापून तिथेच आडवे टाकतात, पाटाचे पाणी फिरते. हात घातला तर माती काळी आणि भुसभुशीत लागते. मेरेपलीकडच्या डोंगरावरची माती कडक लाल, आणि मूळचा खडक मात्र दोन्हीकडे एकच. हा फरक पिढ्यानपिढ्यांनी घातलेल्या पाचोळ्याचा आहे. मला गोव्याच्या शेतीतले हे सगळ्यात मोठे काम वाटते, आणि त्याची पुरेशी दखल आपण घेतलेली नाही.

आपल्या उष्ण दमट हवेत सेंद्रिय पदार्थ फार वेगाने कुजतो, हेही तितकेच खरे. एक चौरस मीटर जागेत 15 सेंटीमीटर खोलीपर्यंत साधारण 200 किलो माती असते. तिथला सेंद्रिय पदार्थ एका टक्क्याने वाढवायचा म्हणजे 2 किलो टिकाऊ ह्यूमस हवा, आणि घातलेल्या खताचा बराचसा भाग हवेत विरून जात असल्याने प्रत्यक्षात कितीतरी जास्त खत लागते. एकदा घातले आणि विसरले, असे हे काम नाही; दर वर्षी घालावे लागते.

पाचोळा जाळला तर राखेचे खत मिळतेच ना?

राखेत पोटॅश आणि कॅल्शियम मिळते, आणि आम्ल मातीला ते थोडे उपयोगीही पडते. पण नत्र आणि कर्ब जवळजवळ पूर्ण हवेत जातात. काजूच्या बागायतीत आणि आवारात मार्च-एप्रिलमध्ये जे ढीग पेटवले जातात तो पुढच्या वर्षीचा ह्यूमस असतो. तो झाडांच्या बुंध्याशी पसरावा.

एवढा पाऊस पडतो, तरी फेब्रुवारी-मार्चपासून माती कोरडी का पडते?

मोठ्या पोकळ्यांतले पाणी एक-दोन दिवसांत गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. ते झाडाला फारसे मिळत नाही. ते विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. झाड पिते ते लहान पोकळ्यांत केशाकर्षणाने धरलेले पाणी. आणि अगदी कणाला चिकटलेला पातळ थर मुळांना ओढताच येत नाही, तो असूनही झाड कोमेजते. लाल मातीत रवाळ दाण्यांमुळे मोठ्या पोकळ्या भरपूर, आणि खाली भोकाभोकांचा जांभा. त्यामुळे पाणी लवकर निसटते. पाऊस किती पडला यापेक्षा लहान पोकळ्यांत किती थांबला हे महत्त्वाचे, आणि त्या पोकळ्या वाढवायचा स्वस्त उपाय पुन्हा सेंद्रिय पदार्थच. जोडीला आच्छादन.

मातीत हवा कशाला लागते? भात तर पाण्यातच उभे असते.

मुळे श्वास घेतात, प्राणवायू वापरतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे 0.04 टक्के असतो, मातीतल्या हवेत त्याच्या दहापट किंवा जास्त. पोकळ्या मोकळ्या असतील तर देवाणघेवाण होत राहते. त्या बुजल्या की मुळे गुदमरतात.

भाताची सोय वेगळी आहे. त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात, पानांतून हवा खाली उतरते. श्रावणात शेतातून एक रोप अलगद उपटून मुळे धुऊन बघा. भोवतालचा चिखल निळसर राखाडी असतो, कारण हवेअभावी लोहाचे रूप बदलून लाली गेलेली असते. पण मुळांवर नारिंगी गंजाचे पापुद्रे दिसतात. मुळातून झिरपलेल्या प्राणवायूने तेवढ्यापुरते लोह पुन्हा गंजते. डोंगराच्या पायथ्याच्या शेतात विरघळलेले लोह फार झाले तर भाताच्या पानांवर तांबूस ठिपके येतात. तिथे मधूनमधून पाणी काढून शेताला हवा देणे उपयोगी पडते.

डिचोली, सत्तरी, सांग्याच्या काही शेतांत पावसाबरोबर खाणींचा लाल गाळ येऊन बसला, तिथे नुकसान मुख्यतः याच मार्गाने झाले. अतिशय बारीक कण पोकळ्यांत बसतात, थर सुकला की कडक होतो, पाणी आणि हवा दोन्ही अडतात. जेसीबी आणि ट्रक फिरलेल्या आवारातही तेच घडते, फक्त गाळाऐवजी वजनाने.

मातीत जीव किती असतात?

चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू. शिवाय बुरशी, सूत्रकृमी, गांडुळे, मुंग्या, वाळवी. पहिल्या पावसाचा मातीचा वास स्ट्रेप्टोमायसिस गटातल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिऑस्मिनचा. भातानंतर वायंगणाला (उन्हाळी भाताला) पाणी नसेल तिथे अळसांदे (चवळी) घेतात. त्याची मुळे उपटली तर ज्या बारीक गाठी दिसतात त्यांत रायझोबियम हवेतला नत्र बांधतो. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली की समजावे काम सुरू आहे.

वाळवीचा आपण नुसता राग करतो. ती खालच्या थरातली बारीक चिकण कण-कण वर आणते, लाकूड-पाचोळा मातीत मिसळते, तिच्या बिळांतून पाणी खोल जाते. गोव्यात सातेरी देवीचे रूप म्हणून वारूळ, म्हणजे आपली रोयण, पूजली जाते. जमीन जिवंत आहे ही जाणीव इथल्या माणसाला किती जुनी आहे हे त्यातून दिसते.

खाजनातली माती वेगळी का?

मांडवी, जुवारीच्या काठची खाजने ही भरतीच्या गाळाची जमीन. पोयटा आणि चिकण भरपूर, सेंद्रिय पदार्थ चांगला, आणि त्यात एक जादा घटक, मीठ. बांध खाऱ्या पाण्याला अडवतो आणि मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) झडप भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर करते. पावसाळ्यात गोडे पाणी मीठ धुऊन खाली नेते, तेव्हा कोरगुटासारखे खारे सोसणारे भात घेतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाबरोबर मीठ पुन्हा वर येते. बांध फुटून शेतात खारे पाणी साचून राहिले तर सोडियम चिकणीचे गोळे फोडतो आणि मातीची घडण मोडते. मीठ धुतले गेले तरी घडण परत यायला वेळ लागतो.

समुद्रकाठच्या रेतीला माती म्हणावे का?

किनाऱ्यावरच्या नुसत्या रेतीला नाही. तिच्या मागच्या खेर जमिनीला जरूर म्हणावे. तिथे रेतीत पिढ्यांचे शेणखत आणि मासळीचे खत मिसळलेले आहे.

नत्र, स्फुरद, पालाश हेच मातीचे घटक ना?

ती अन्नद्रव्ये. झाडाला अत्यावश्यक मूलद्रव्ये 17. त्यांतली बरीच मातीच्या घटकांत साठलेली असतात. आपल्याकडे अडचण स्फुरदाची. घातलेला स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियम पकडून ठेवतात. आम्ल मातीत रॉक फॉस्फेट सावकाश विरघळत राहते, म्हणून बागायतीला ते सोयीचे. चुना घालायचा तर तपासणीनंतरच.

टिपरने आणलेल्या लाल मातीचे आता काय करावे?

ती बहुधा डोंगर कापून काढलेली, वरच्या विती-खालची असते. खनिज कण आहेत, बाकी जवळपास काही नाही. टाकून द्यायचे कारण नाही, पण ती माती व्हायला वेळ आणि खाद्य द्यावे लागेल.

आधी यंत्राने दाबलेली जमीन पिकासाने किंवा खोऱ्याने हातभर खोल मोकळी करा. मग पहिल्या पावसाबरोबर ताग, धैंचा किंवा अळसांदे पेरा आणि फुले धरू लागताच तिथेच गाडा. गिरिपुष्पाचा पाला मिळेल तेवढा टाका. माडासाठी जांभ्याच्या जमिनीत 1.2 मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. तळाला नारळाची सोडणे पोकळ बाजू वर करून मांडा, त्यावर शेणखत मिसळलेली वरच्या थराची माती. सोडणे ओलावा धरतात. उन्हाळ्यात आळ्यावर झावळ्यांचे आच्छादन हवेच. घर बांधायच्या आधी असाल तर त्याहून सोपी गोष्ट करता येईल: पायाचे काम सुरू होण्यापूर्वी आवारातला वरचा वीतभर थर खरवडून बाजूला ढीग करून ठेवा, वर पाला झाका, आणि काम संपल्यावर तोच परत पसरा. कंत्राटदाराला हे पहिल्याच दिवशी सांगावे लागते. नंतर तो थर भरावाखाली गेलेला असतो.

तपासणी कशी करून घ्यावी?

पीक काढल्यावर आणि खत घालायच्या आधी नमुना घ्या. शेतात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी वरचा कचरा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा 15 ते 20 सेंटीमीटरचा खड्डा करा, कडेचा एकसारखा पातळ काप घ्या. सगळे प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा. गंजलेले पत्र्याचे भांडे नको, लोह आणि जस्ताचे आकडे चुकतात. सावलीत सुकवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा. विभागीय कृषी कार्यालयात चौकशी केली की नमुना पुढे कसा पाठवायचा ते कळते. 2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 बाबी येतात. त्यांतला सेंद्रिय कर्ब आधी वाचा: 0.5 टक्क्याखाली कमी, 0.75 च्या वर चांगला. हा आकडा 1.724 ने गुणला की सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण मिळते.

पोकळीची मोजणी पत्रिकेत नसते. ती घरीच करा. पाऊस नसताना वीतभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरे पाणी काही तासांत जिरले तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही उभे असेल तर खाली दाबलेला थर आहे, आणि तो फोडल्याशिवाय खतावर पैसे घालू नका.